आजोबांच्या हातातली किटली काढून घेऊ नका

पंचगंगेकाठी
काल इथं एकानं लिहिलं होतं की सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आता कामं सांगू नका. दूध घरपोच घ्या, चटणी तयार आणा, पेन्शनचं मोबाईलवर उरका, आणि त्यांना "निवांत बसू द्या". खाली बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

संध्याकाळी किटली विसळून कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्याकडं, म्हणजे म्हशी समोर पिळून दूध देतात तिकडं, निघालेले आजोबा तुम्हाला लिटरभर दूध आणणारा माणूस म्हणून दिसतात. त्यांचं लक्ष कुठं कुठं असतं ते बघा. धार जोरात पडली की मापात फेस चढतो. तो बसेपर्यंत थांबायचं आणि मग माप भरून घ्यायचं. म्हैस नवी व्यालेली असली तर दूध जरा पातळ लागतं, आटत आली की घट्ट होतं, म्हणून कुणाची म्हैस कधी व्याली हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. पुढचं काम आजीकडं. दूध उतू न जाऊ देता तापवायचं आणि वर ताट न झाकता जाळी ठेवायची. गरम दुधावर ताट झाकलं की वाफेचं पाणी परत दुधात पडतं आणि साय विरते. पूर्ण निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी भाकरीसारखी साय उचलता येते. आठवडाभराच्या सायीला विरजण, मग ताक, लोणी, आणि कढवताना त्यात विड्याचं पान. खाली राहिलेल्या बेरीत साखर घालून नातवंडांना हाक मारायची.

एक पिशवी दारात आली की यातलं सगळं जातं. माणूस काम करून दमत नाही एवढा "आता तुमची गरज नाही" हे कळल्यावर दमतो.

शुश्रूषा_घरची
काका, लिहिलंय छान, पण अर्धंच. कट्ट्यावर पेलाभर कच्चं दूध तिथंच पिणारे किती आजोबा असतात ते का गाळलंत? कच्च्या दुधातून ब्रुसेला, क्षयाचे जंतू, ई. कोलाय जाऊ शकतात. तरुण माणसाला बहुतेक वेळा दोन दिवस जुलाब होऊन भागतं, पंच्याहत्तरीत तेच शरीरातलं पाणी आणि क्षार संपवतं. शिवाय पावसाळ्यात ओली फरशी, हातात भरलेली किटली, पायात चामड्याची चप्पल. खुब्याचं हाड मोडलं की बरेच दिवस अंथरूण. तुमच्या आनंदाचा हिशोब तेव्हा कोण देणार?

गंगावेशकर
ताई, आमच्या कट्ट्याला नावं ठेवायची न्हाईत. डोळ्यांसमोर पिळलेलं दूध आहे, पाण्याचा थेंब न्हाई. पिढ्यान्‌पिढ्या तालमीतली पोरं खासबागेत उतरायच्या आधी हेच पीत आलीत. पैलवान आजारी पडत होते काय? शहरात येऊन चार पुस्तकं वाचली की गावचं सगळं घाण दिसायला लागतं.

शुश्रूषा_घरची
वैयक्तिक बोलू नका. भेसळ नसणं आणि जंतू नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध शंभर टक्के शुद्ध असलं तरी सड धुतलेले नसले, बादली ओली असली किंवा म्हशीलाच आजार असला की जंतू येणारच. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरतात ते उगाच नाही. घरी एवढं मोजायची गरज नाही, ढवळत एक पूर्ण उकळी आली की काम झालं. उकळी म्हणजे कडेला बुडबुडे नव्हेत, सगळं दूध वर यायला हवं.

गंगावेशकर
बरं. तिथं उभं राहून पिऊ नये, घरी आणून उकळावं, एवढं मानतो. पण कट्ट्यावर जाणं बंद करा म्हणाल तर ते मानणार नाही.

शुश्रूषा_घरची
जाणं बंद करा असं म्हटलंच नाही मी. नीट जा म्हणते. झोपून उठल्यावर लगेच उभं राहायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मगच उठायचं. उठताना रक्तदाब एकदम उतरतो आणि तिथंच तोल जातो. दोन लिटरची एक किटली एका हातात घेण्याऐवजी लिटर-लिटरच्या दोन घ्या, म्हणजे शरीर एका बाजूला ओढलं जात नाही.

पायताण
चपलेचा विषय निघालाच आहे तर बोलतो, कारण पडायचं खापर सरसकट कोल्हापुरीवर फुटतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं पाणी पितं. भिजलं की तळ गुळगुळीत होतो, फुगतो, आणि शिलाई सैल पडते. म्हणून ती कोरड्या दिवसांची चप्पल आहे. मिरगापासून नवरात्रापर्यंत रबरी तळाची, मागे पट्टा असलेली घालावी. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नये, तडकते. सावलीत वाळवून तेलाचा हात द्यावा. आजोबांना करकर वाजणारी चप्पल आवडते ना? मग दिवाळीनंतर घालू द्या की.

मंगळवारपेठ
दूध आणि चपला बाजूला ठेवा. मूळ लेखात "चटणी तयार आणा" असंही होतं, त्यावर कुणीच बोललं नाही. चैत्र-वैशाखात आजीच्या वर्षातला सगळ्यांत मोठा उद्योग चटणीचा असतो. आठ दिवस घर तिच्या हुकमावर चालतं. तुम्ही बाजारातून पाकीट आणून ते आठ दिवस तिच्याकडून काढून घेता.

प्रमाण लिहून ठेवतो. एक किलो मिरचीला अर्धी ब्याडगी, अर्धी संकेश्वरी. अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जिरं, पन्नास ग्रॅम खसखस, शंभर ग्रॅम आलं, एक जुडी कोथिंबीर, खडा मसाला मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास, मीठ पाव किलो.

सातारची_लेक
अर्धी-अर्धी? एवढ्या संकेश्वरीनं म्हाताऱ्या माणसांचं पोट जाळाल. तीन वाटे ब्याडगी आणि एक वाटा संकेश्वरी घ्या. रंग ब्याडगीचाच येतो, झणका चवीपुरता राहतो. आणि मुळात याला चटणी का म्हणता? हा कांदा-लसूण मसाला आहे.

मंगळवारपेठ
कोल्हापुरात चटणी म्हणजे हीच. नुसत्या मिरचीच्या पुडीला तिखट म्हणतात. आमच्या भांड्यावरचं नाव तुम्ही बदलू नका. तीन वाट्यांच्या हिशोबानं केलेल्या चटणीचा रस्सा लालभडक दिसतो आणि जिभेला काही लागत नाही.

सातारची_लेक
जिभेला काही लागत नाही म्हणजे चटणी बिघडली असं नव्हे. ज्या घरात ऐंशीचे आजोबा जेवतात तिथं चटणी दोन प्रकारची करावी लागते, आणि कुठल्या बरणीत काय हे फक्त आजीला माहीत असतं. तेवढं तरी लक्षात घ्या.

डंकावरून
दोघंही प्रमाणावर भांडताय, पण चटणी बिघडते ती ओलाव्यानं. रोज डोळ्यांसमोर येतं ते सांगतो.

मिरची दोन दिवस कडक उन्हात टाका. हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मग देठं काढा आणि पुन्हा तासभर ऊन द्या. देठं ठेवली तर वजन वाढतं आणि चव तुरट होते. कांदा पातळ चिरून एक दिवस उन्हात, मग तेलात चॉकलेटी होईपर्यंत. सोनेरी झाला म्हणून काढलात तर आत पाणी राहतं आणि श्रावणात बरणीच्या तोंडाशी बुरशी धरते. लसूण सोलल्यावर पुसून कोरडा, कोथिंबीर धुऊन सावलीत पूर्ण वाळलेली, मीठ कढईत गरम करून. खोबरं शेवटी भाजा आणि निवू द्या, गरमच घातलं तर तेल सोडतं आणि गोळे होतात.

डंकात, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रात, आधी नुसती मिरची आणि मीठ, मग कोरडा मसाला, सगळ्यांत शेवटी कांदा-लसूण. मिक्सरचं पातं घासून तापतं, त्यामुळं चटणी काळपट आणि चिकट होते. डंकाचा घाव वरून पडतो, तापतो कमी. कुटून आणल्यावर परातीत पसरून रात्रभर कापडाखाली ठेवा. गरम चटणी बरणीत दाबली की झाकणाला घाम येतो, आणि तिथून सगळं नासतं.

सातारची_लेक
कांदा चॉकलेटी करायचा हे बरोबर. पण आम्ही कांदा चटणीत घालतच नाही, फोडणीत घालतो. वर्षभर टिकते.

डंकावरून
टिकते, मान्य. मग ती कांदा-लसूण कशी?

सातारची_लेक
बरं, नावापुरतं तुमचं खरं. टिकण्यापुरतं माझं.

शुश्रूषा_घरची
पुन्हा मीच. मिरचीची देठं काढायला आजीला बसवता, पण तिच्या हातांचं बघता का? बसण्याआधी तळहाताला आणि बोटांच्या पेरांना खोबरेल लावा. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आग झाली तर नुसत्या पाण्यानं धुऊन उपयोग नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण. दमा असेल तर तिला डंकावर नेऊ नका. खाली मांडी घालून तासन्‌तास बसण्यापेक्षा पाठीला टेकण असलेली खुर्ची आणि समोर चौरंगावर सूप ठेवा. निवडायचं, चाखायचं आणि नाही म्हणायचं काम तिचंच राहू द्या, उचलायचं आणि पोचवायचं तुम्ही करा.

पंचगंगेकाठी
हे शेवटचं वाक्य मी सुरुवातीला लिहायला हवं होतं.

निवांत_बसू_द्या
ज्या लेखावर हे सगळं चाललंय तो माझा. चटणीच्या चर्चेत माझा मुद्दा हरवला, म्हणून पुन्हा मांडतो. मी आजी-आजोबांना अडगळीत टाका म्हटलं नव्हतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या पायऱ्यांवर ताटकळणारी म्हातारी माणसं बघून लिहिलं होतं. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ पासून आहे. घरबसल्या होतं, तर रांगेत का उभं करायचं? त्यातही बोटांचे ठसे झिजलेले, अंगठा लागत नाही, पुन्हा उद्या या. याला तुम्ही आनंद म्हणता का?

पंचगंगेकाठी
नाही म्हणत. अंगठा लागत नसेल तर चेहरा ओळखणारी सोय मोबाईलवर आहे, ती घरी करून द्यावी, उजेड समोरून येईल असं बसवून. आणि केंद्र सरकारची पेन्शन घेणाऱ्या ८० आणि त्यापुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे कित्येक घरांत माहीतच नसतं. पण पासबुक भरून आणायला बँकेत जाऊ द्या. छापलेल्या ओळीवर बोट ठेवून व्याज वाचणं आणि तिथं जुन्या ऑफिसातलं कुणी भेटणं यात ताटकळणं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गर्दी टाळून पंधरा तारखेनंतर पाठवा.

निवांत_बसू_द्या
पासबुकाचं ठीक आहे. किटलीचंही, दोन लहान किटल्या असतील तर. पण एकटं लांब पाठवायला माझा विरोध राहील.

वाडीची_गाडी
लांब म्हणजे किती? ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. शहरातल्या केएमटी बसला ही योजना लागू नाही, त्यामुळं स्टँडपर्यंतची सोय आधी बघा. ओळखपत्र मूळ ठेवा, वय कंडक्टरला दिसलं पाहिजे. सकाळच्या गाडीनं नृसिंहवाडी, दर्शन, घाटावर थोडं बसणं, बासुंदी किंवा पेढे, आणि दुपारी परत. एकट्याला नको वाटत असेल तर दोघा-तिघांना मिळून जाऊ द्या. पावसाळ्यात मात्र नदीची पातळी विचारूनच. दक्षिणद्वार, म्हणजे पुराचं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडतं तो सोहळा, बघायची हौस सगळ्यांना असते, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, खाली उतरू देऊ नये.

आणि नोव्हेंबर म्हटला की फक्त दाखला का आठवतो? ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धुरकट हवा असली की किरणं अलीकडंच विरतात, म्हणून एकाच दिवसावर भरवसा ठेवू नये. गर्दीत उभं राहणं जमत नसेल तर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी पुन्हा संधी असते. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई या तारखा कॅलेंडर न बघता सांगते.

गंगावेशकर
लांबचं राहू दे, रंकाळा तलावावर तरी एकट्यानं जाऊ द्या. पहाटे नको, अंधार असतो. उजाडल्यावर जावं. गुडघे धरलेले असतील तर पूर्ण फेरी मारायची गरज न्हाई. निम्म्यात वळून परत यायचं, बाकड्यावर बसायचं. पारिजातकाचा सडा पडलेला असला की वाकून वेचू नये. रुमाल पसरून फांदी हलवावी.

शुश्रूषा_घरची
हे मात्र तुम्ही बरोबर सांगितलंत.

नवीन_सून
माफ करा, मला एवढंच विचारायचंय. कुटलेली चटणी आजच घरी आली आहे, सासूबाई गावी गेल्यात. हिंगाचा खडा बरणीत तळाशी ठेवायचा की वर?

डंकावरून
दोन्हीकडं. सुपारीएवढे तीन खडे घ्या. तळाला एक, मध्ये एक, वर एक. बरणी चिनी मातीची आणि कालपासून उन्हात तापवून निवलेली हवी. चटणी थोडी थोडी घालून वाटीच्या पाठीनं दाबत जा, आत हवा राहिली की तिथं जाळं धरतं. वरून मिठाचा पातळ थर, तोंडाला सुती फडकं, दोरी. रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा काढा आणि मोठ्या बरणीत ओला चमचा कुणालाही घालू देऊ नका.

मंगळवारपेठ
पण बरणी आज बांधू नका. सासूबाईंना आधी फोन करा, त्या येईपर्यंत परातीत कापडाखाली राहू दे. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. मीठ बरोबर आहे का ते त्या चाखून सांगतील.