चिन्हं नकोत म्हणे!

अर्धमात्रा:
'प्रोग्रामच्या आउटपुटमध्ये आस्कीबाहेरचं (म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीची विरामचिन्हं सोडून) एकही चिन्ह नको, ° ऐवजी सरळ डिग्री लिहा' हा टर्मिनलवासींचा कालचा सल्ला वाचून गप्प बसणार होते. पण खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली, म्हणून लिहितेय.

कॉम्प्युटर अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे आकड्यांत साठवतो; कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग किंवा कोडपेज. विंडोज-१२५२ या तक्त्यामध्ये ± साठी जो बाइट आहे, तोच जुन्या कोडपेज ४३७ वाल्या कन्सोलने (काळ्या कमांड-खिडकीने) वाचला की ठिपक्यांची राखाडी चौकट दिसते. यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमधला ° कुणी १२५२ समजून वाचला की त्याच्याआधी टोपीवाला ए (Â) उगवतो. दोन्हीकडे बाइट शाबूत असतात, एन्कोडिंग तेवढं चुकीचं धरलेलं असतं. रिकामा चौकोन दिसला तर बहुतेक वेळा फॉन्टमध्ये ते अक्षरच नसतं. खरी धास्ती अक्षराच्या जागी आलेल्या साध्या प्रश्नचिन्हाची. ते फाइलमध्ये उतरलं असेल तर मूळ अक्षर कायमचं गेलं. कुठे काय बिघडलं ते न बघता चिन्हांवरच बंदी घालणं मला पटत नाही.

टर्मिनलवासी:
हे सगळं मला ठाऊक आहे. रात्री अडीचला जुन्या सर्व्हरचा लॉग (प्रोग्रामने केलेल्या नोंदींची फाइल) उघडला, तर ± च्या जागी त्याच चौकटी. कोडपेज बदलायची परवानगी मला नव्हती. आस्कीची १२८ चिन्हं तिथेही नीट दिसत होती.

अर्धमात्रा:
लॉगपुरतं मान्य. पण तुम्ही 'एकही चिन्ह नको' म्हणालात.

हलन्त:
° चं काय घेऊन बसलात? माझं आडनाव कुलकर्णी. प्रमाणपत्रावर छापून आलं 'कुलकर्' आणि पुढे काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह. डेटाबेसमधला नावाचा कॉलम २० बाइटांचा, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (व्यंजन, मात्रा, हलन्त यांचा स्वतंत्र क्रमांक) ३ बाइटांचा. सहा मावले, सातवा मधोमध कापला. तक्रार केली तर उत्तर मिळालं, 'इंग्रजीत भरा.'

टर्मिनलवासी:
मग कॉलम मोठा करा. यात माझा काय संबंध?

मोजपट्टी:
नुसता कॉलम वाढवून भागत नाही. 'क्षि' वाचणाऱ्याला एक अक्षर, कोडपॉइंट ४, बाइट १२. २०२३ ची १५.१ आवृत्ती येईपर्यंत युनिकोडचा (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) अक्षरं वेगळी करण्याचा सर्वसाधारण नियमसुद्धा त्याचे क् आणि षि असे दोन तुकडे करायचा. प्रोग्राममध्ये वापरलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) जुनी असेल तर आजही करते. लांबी मोजणारं, मजकूर कापणारं, उलटा करणारं फंक्शन नेमकं काय मोजतं, ते आधी बघावं लागतं.

टर्मिनलवासी:
बघा! युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. मानकालाच ३२ वर्षं लागली, आणि दोष आम्हा प्रोग्रामरांचा?

हलन्त:
म्हणून मी माझं नाव बदलायचं? तुमचा लॉग आणि माझं प्रमाणपत्र एका तागडीत घालू नका.

टर्मिनलवासी:
आवाज चढवू नका. नाव कापा असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

अर्धमात्रा:
लिहिलं नाहीत, पण तुमचा नियम लावला तर 'इंग्रजीत भरा' हेच उत्तर मिळतं.

टर्मिनलवासी:
...बरं. माणसाने भरलेला मजकूर जसाच्या तसा राहिला पाहिजे, हे मान्य. लॉगमध्ये मात्र मी +/- च लिहिणार.

हलन्त:
खुशाल लिहा. पण फॉर्म तपासताना एकदा कुलकर्णी भरून बघा.