मदत हवी आहे : विजयभट्टारिका आणि विज्जिका, नोंद एक की दोन?

नमस्कार.

बदामीच्या चालुक्य घराण्यातील स्त्रियांच्या नोंदी विकिडेटा या मुक्त माहितीसंग्रहावर नीट लावण्याचे काम मी करीत आहे. त्यात विजयभट्टारिका या नावापाशी माझे घोडे अडले आहे. ही दुसऱ्या पुलकेशीची सून, चंद्रादित्याची राणी आणि पहिल्या विक्रमादित्याची भावजय. तिच्याविषयीचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातील दोन ताम्रपट : एक कुडाळजवळच्या नेरूरचा, दुसरा वेंगुर्ले तालुक्यातील कोचऱ्याचा. दोन्ही दाने तिची स्वतःची आहेत.

राजशेखर या संस्कृत कवीच्या नावावरील एका श्लोकात कर्नाटकातील ‘विजयांका’ नावाच्या कवयित्रीची थेट सरस्वतीशी तुलना केलेली आहे आणि वैदर्भी या काव्यशैलीतील रचनेत तिला कालिदासानंतरचे स्थान दिलेले आहे. शिवाय सुभाषितसंग्रहांत विज्जिका नावाच्या कवयित्रीचे श्लोक सापडतात. या तिघी एकच, असे काही अभ्यासकांनी सुचविल्यामुळे पुष्कळ ठिकाणी राणीच्या चरित्रात कवयित्रीचे श्लोक बिनदिक्कत घातलेले दिसतात. मला हे पटत नाही, कारण ताम्रपटांत राणीच्या काव्याचा उल्लेख नाही आणि श्लोकांत चालुक्यांचा नाही. दुवा आहे तो केवळ नावातील साम्याचा आणि ‘कार्णाटी’ (कर्नाटकातील) या एका विशेषणाचा. त्यातही ‘भट्टारिका’ हा मानाचा शब्द आहे, म्हणजे जुळणारे नाव उरते ते फक्त ‘विजया’, आणि ते काही दुर्मीळ नव्हे.

तेव्हा नोंदी दोन ठेवाव्यात काय? ठेवल्यास अभ्यासकांचे मत कुठे नोंदवावे? नेरूरच्या ताम्रपटाचे वर्ष कसे लिहावे, हाही प्रश्न आहे. त्यात ‘स्वराज्या’चे, म्हणजे स्वतःच्या राजवटीचे, पाचवे वर्ष आहे, ते विक्रमादित्याचे मानले तर काळ इ. स. ६५९ च्या सुमारास येतो, परंतु ते राणीचे स्वतःचे किंवा तिच्या पतीचे मानले तर हिशेब बदलतो आणि तिला ‘राज्यकर्ती’ म्हणावे की नाही, हेही त्यावरच ठरते.

उत्तर :

नोंदी दोनच ठेवाव्यात. एकत्र केलेल्या नोंदी पुढे सोडविणे फार जिकिरीचे होते, कारण तोवर ग्रंथालयांचे ओळखक्रमांक आणि इतर भाषांतील लेखांचे दुवे तिथे येऊन चिकटलेले असतात. ‘हीच व्यक्ती असल्याचे म्हटले जाते’ या अर्थाचा पी४६० हा गुणधर्म दोन्ही नोंदींत भरावा आणि मत कोणी मांडले तो संदर्भ त्याखाली द्यावा. पी१८८९ मात्र टाळावा. तो दोघी वेगळ्या असल्याचे ठामपणे सांगतो आणि तेवढाही पुरावा आपल्यापाशी नाही.

आपल्या शंकेला बळ देणारी आणखी एक गोष्ट आहे. दंडीने ‘काव्यादर्श’ या आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथाच्या आरंभी सरस्वतीला ‘सर्वशुक्ला’, म्हणजे सर्वांगी शुभ्र, म्हटले आहे आणि निळ्या कमळाच्या पाकळीसारख्या सावळ्या विज्जिकेने, आपण ठाऊक नसल्यामुळेच दंडी तसे व्यर्थ बोलला, असा त्याला टोला दिला आहे. (संस्कृत वाङ्मयात इतकी आत्मविश्वासाची ओळ क्वचितच सापडेल.) दंडीचा काळ सामान्यतः सातव्या शतकाच्या अखेरीस धरतात. त्यामुळे नेरूरच्या राणीला ही कवयित्री मानायचे तर तिने उतारवयात हा श्लोक रचला, असे धरावे लागते. अशक्य नाही, पण ओढाताण आहे.

वर्षासाठी जन्म-मृत्यूचे रकाने मोकळे सोडून पी१३१७ या हयातीच्या काळाच्या गुणधर्मात ‘सातवे शतक’ एवढेच भरावे. ६५९ हे वर्ष ताम्रपटाच्या स्वतंत्र नोंदीत, संदर्भासह आणि ‘सुमारे’ अशी खूण करून द्यावे. ‘राज्यकर्ती’ हे पद मात्र संदर्भाशिवाय भरू नये.

प्रश्नकर्त्याकडून :

आभारी आहे. त्याप्रमाणे ‘विजयमहादेवी’ हे पर्यायी नाव राणीकडे आणि ‘विजयांका’ हे कवयित्रीकडे ठेवतो. ‘कौमुदीमहोत्सव’ या नाटकाचे कर्तृत्वही काही जण विज्जिकेला देतात. ते वादग्रस्त असल्याने तूर्त कोणाच्याच नोंदीत घालत नाही.