जुना रे-बॅन एव्हिएटर गॉगल घेताना काय तपासायचं?

गगनवेध
ऐंशीच्या दशकातला सोनेरी एव्हिएटर विकायला आहे. विकणारा म्हणतो बॉश अँड लॉम्बचा (रे-बॅनची मूळ कंपनी) अमेरिकी माल, काचा मूळच्या, आकार ५८□१४ (काचेची रुंदी आणि दोन काचांमधलं अंतर, मिमीत). फोटोत एका काचेवर रेघा दिसतात. दोन्ही डोळ्यांना -१.७५ नंबर, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) ६२ मिमी. अस्सल कसा ओळखायचा? नंबरच्या काचा बसतील का?

काचकाम
आधी काच बघा, फ्रेम नंतर. मूळ काचेवर बिजागरीच्या बाजूला, कडेला लागून, अगदी बारीक 'बीएल' (बॉश अँड लॉम्ब) कोरलेलं असतं. उजेड तिरपा पडल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून दोन्ही काचांचे तसेच क्लोज-अप मागवा. 'आरबी' दिसलं तर काचा लक्झोटिका या इटालियन चष्मा-कंपनीच्या काळातल्या. ब्रँड त्यांच्याकडे १९९९ मध्ये गेला. जुन्या फ्रेममध्ये नंतरच्या काचा सर्रास सापडतात. ती फसवणूकच असते असं नाही, पण 'मूळ काचा' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

नोज पॅडवरच्या 'बीएल'वर फार विसंबू नका, पॅड सहज बदलता येतात. '१/१० १२के जीएफ' असा शिक्का असेल तर सोन्याचा थर वजनाच्या दहाव्या हिश्शाचा, १२ कॅरेटचा. शिक्का नाही म्हणजे नकली, असंही नाही. साधा मुलामा दिलेल्या फ्रेमही होत्या. राजस्थानात भिवाडीलाही नव्वदीत रे-बॅन बनत, तेव्हा 'यू.एस.ए.' नसलं तरी माल अस्सल असू शकतो. फक्त मग अमेरिकी मालाचा भाव का द्यायचा?

रेघा पॉलिशने काढायच्या भानगडीत पडू नका. घासलेल्या जागी पृष्ठभाग खोलगट होतो आणि त्यातून दिसणारी सरळ रेघ वाकते. चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे बघत हळू हलवा. कड लहरली तर काच खराब.

सांधा_स्क्रू
नंबर आरामात बसेल. ५८ + १४ = ७२, त्यातून पीडी ६२ वजा केला की १० उरतात, म्हणजे प्रत्येक काचेचा केंद्रबिंदू ५ मिमी नाकाकडे सरकवावा लागेल. त्यासाठी ७५ मिमीचा ब्लँक (कापण्याआधीची गोल काच) मागा, ६५ चा कानाकडच्या कडेला कमी पडेल. बेस कर्व्ह (काचेच्या पुढच्या बाजूची गोलाई) ६ सांगा. सपाट काच या गोलसर खोबणीत नीट बसत नाही, जोर लावला की रिम वाकते. सीआर-३९ (प्लास्टिकची काच) घेत असाल तर 'यूव्ही ४००' (अतिनील किरण अडवणारं संरक्षण) वेगळं सांगून घ्या, नुसता गडद रंग पुरत नाही. रे-बॅनची मूळ हिरवट-करडी जी-१५ काच साधारण १५ टक्के प्रकाश आत सोडते, तेवढाच टिंट मागा.

गंजका स्क्रू पिळू नका. मूळ काचा असतानाच थेंबभर तेल सोडून रात्रभर ठेवा, मग योग्य मापाच्या ड्रायव्हरने फिरवा. काढलेल्या काचा जपून ठेवा, पुढे विकताना त्यांच्यामुळेच भाव मिळतो.

शाल्मली
दोन्ही पुलांचे (काचा जोडणाऱ्या, नाकावरच्या दोन दांड्यांचे) सांधेही बघा. हिरवट थर नुसता वरवर असेल तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. लिंबू, व्हिनेगर लावू नका. मुलाम्याला खड्डे पडून आतून हिरवं येत असेल तर घेऊ नका. सांध्याला पुन्हा डाग द्यायचा (झाळायचं) तर उष्णतेने आजूबाजूचं सोनं काळवंडतं. चष्मा उलटा करून काचेच्या टेबलावर ठेवला आणि एखादी काडी अधांतरी राहिली तर फ्रेम पिळलेली आहे. बहुतेक वेळा ती सरळ होते, पण सांध्याला आधीच चीर असेल तर तिथेच तुटते.