मदत हवी आहे: बाबांच्या बदललेल्या गुडघ्यातून पू येतोय, कल्चर मात्र ‘नो ग्रोथ’

भीमाकाठ:
बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. दिवाळीआधी डावा गुडघा बदलला. सुरुवातीला छान चालायचे, शेतावरही जाऊन यायचे. होळीपासून गुडघा गरम लागतो, रात्री ठणकतो. आता पावसाळा लागला आणि टाक्यांच्या खालच्या टोकाला टाचणीएवढं भोक पडलंय. त्यातून पिवळसर पाणी येतं, कधी पू. रात्री पट्टी बांधली तरी सकाळी लेंग्याला डाग असतोच. ताप नाही.

गावातले डॉक्टर अँटिबायोटिक देतात. गोळ्या असेपर्यंत भोक सुकतं, संपल्या की पुन्हा वाहतं. रक्तात सूज-संसर्ग दाखवणाऱ्या तपासण्या वाढलेल्या: सीआरपी ४६, ईएसआर ७८. एक्स-रेत खास काही नाही. पू कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला दिला, तर रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, जंतू वाढलाच नाही. एक सर्जन म्हणतात, सांधा काढून त्या जागी तात्पुरता सिमेंटचा ठोकळा (स्पेसर) बसवू, औषधं देऊ, मग नवा सांधा. दुसरे म्हणतात, आत धुऊन मधलं प्लास्टिक तेवढं बदलू. मूळ ऑपरेशन केलेल्यांचं उत्तर, ‘होतं असं कधीकधी’. बाबांचं म्हणणं, जंतूच सापडला नाही तर सांधा काढायचा कशाला? कुणाला माहिती आहे?

लॅबवाली:
कल्चरला नेमकं काय पाठवलं होतं? गोळ्या चालू होत्या का तेव्हा?

भीमाकाठ:
भोकातला पू कापसाच्या काडीवर घेतला होता. गोळ्या चालू होत्याच.

लॅबवाली:
मग तो रिपोर्ट बाजूला ठेवा. काडीवर कातडीवरचेच जंतू जास्त येतात, त्यात गोळ्या चालू. ‘नो ग्रोथ’ म्हणजे जंतू नाही असं नव्हे. सर्जन हो म्हणाले आणि बाबांची तब्येत ठीक असली तर अँटिबायोटिक साधारण दोन आठवडे थांबवून थेट सांध्यातलं पाणी सुईने काढतात. मनाने बंद करू नका; मध्येच ताप किंवा थंडी भरली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. त्या पाण्यात पेशींची मोजणी हवीच. कृत्रिम सांध्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलीटरला ३००० च्या वर गेल्या की संशय पक्का होत जातो. कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा, काही जंतू फार सावकाश वाढतात. टीबीची तपासणीही त्यातच करून घ्या.

आणि खरं सांगू? भोक सांध्यापर्यंत जात असेल तर तोच संसर्गाचा पुरावा मानतात, जंतू सापडो न सापडो. धातूवर जंतूंचा चिकट थर बसतो, त्यात औषध नीट शिरत नाही. नुसतं धुणं उपयोगी पडतं ते त्रास सुरू होऊन दोन-तीन आठवड्यांच्या आत. होळीपासून दुखतंय आणि वाहतंयसुद्धा, तर मला पहिल्या सर्जनचं पटतं. ऑपरेशनमध्ये वेगवेगळ्या जागचे निदान पाच तुकडे कल्चरला पाठवणार का, हे दोघांनाही विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, किती आहे?

भीमाकाठ:
८.९. सलाइनमधून औषध द्यायला सहा आठवडे ॲडमिट राहावं लागतं का हो ताई?

लॅबवाली:
तसंच काही नाही. २०१९ साली ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीचे निकाल आले. हाडा-सांध्याच्या संसर्गात पहिले सहा आठवडे योग्य गोळ्या दिल्या तरी शिरेतल्या औषधाइतकाच गुण आला. पण ‘योग्य’ ठरवायला जंतू सापडायला हवा. साखर मात्र आत्तापासूनच आणा ताळ्यावर.

कोपऱ्यातला:
आमच्या मावशीचं स्पेसरवालंच झालं. वॉकर लागतो, गुडघा फारसा वाकत नाही. रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक दिलं तर लघवी केशरी होते, घाबरू नका. कमोडची उंच सीट ऑपरेशनआधीच आणून ठेवा, नंतर धावपळ होते.