‘बाधित’ की ‘होऊन गेलेला’? प्रतिपिंडे सापडलेल्या माणसाला काय म्हणावे

रानजाई : जुलै २०२० मध्ये मुंबईत दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या बाजूंच्या तीन प्रभागांत कोरोनाच्या सर्वेक्षणासाठी रक्ताचे ६,९३६ नमुने तपासले होते. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेर सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडीज, आढळली. त्यावरच्या लेखात मी ‘५७ टक्के रहिवासी बाधित’ असं लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, ‘‘एवढी माणसं आजारी होती, तर ती होती कुठे?’’ आता ‘बाधित’ शब्दच खटकतोय. काय लिहू?

कोपरगावकर : बाबांचं बरोबर आहे. बाधा म्हटलं की त्रास आलाच. विषबाधा झालेला माणूस उलट्या करतो, भूतबाधा झालेला घुमतो. त्रासच नसेल तर बाधा कसली? इथे ‘लागण’ चालेल. आमच्याकडे उसाचीही लागण करतात. कांडी मातीत रुजली एवढंच त्यात येतं, पीक कसं आलं ते नंतरचं.

सायंतारा : ‘आजार अंगावर काढला’ असं आपण म्हणतोच की. तो शब्दप्रयोग का नको?

कोपरगावकर : नको ताई. अंगावर काढणाऱ्याला ताप आलेला कळतो, तो फक्त दवाखान्यात जात नाही. इथे कळलेलंच नाही.

निळी नळी : मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ‘बाधित’ काळाच्या अंगानेही चुकतो. नाकातल्या स्वाबची आरटीपीसीआर चाचणी विषाणूचा अंश शोधते, म्हणजे साधारण आत्ताचं सांगते. सर्वेक्षणात रक्तातली आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे पाहिली. ती बनायला लागणीनंतर साधारण दोन आठवडे जातात आणि विषाणू गेल्यावरही ती राहतात. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ अहवाल हातात असलेला माणूस त्या दिवशी ठणठणीत असू शकतो. तरी लोक घाबरून विचारतात, ‘‘आता घरात वेगळं राहायचं का?’’ एका शब्दाने माणसाची झोप उडते, म्हणून ही चर्चा मला मोलाची वाटते.

आणखी एक. बातम्यांत प्रतिपिंडाला ‘प्रतिजैविक’ म्हटलेलं दिसतं. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक, औषध. प्रतिजन म्हणजे अँटिजेन, ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवतं ते. प्रतिद्रव्य मात्र चालतं, तो प्रतिपिंडाचाच दुसरा शब्द.

सायंतारा : प्रतिपिंडात ‘पिंड’ कुठून आला? मला दहाव्याचाच पिंड आठवतो.

कोपरगावकर : पिंड म्हणजे शरीरही. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ मधला. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये जर्मनमध्ये ‘अँटिक्योर्पर’ शब्द वापरला, त्यातही ‘शरीर’च आहे. मला मात्र प्रतिद्रव्य जास्त आवडतो, ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

रानजाई : मग ‘प्रतिपिंडे मोजली’ म्हणू की ‘तपासली’?

निळी नळी : ‘तपासली’. एका माणसात ती किती आहेत हा सर्वेक्षणाचा प्रश्न नव्हता. आहेत की नाहीत ते पाहिलं आणि मोजली ती माणसं.

रानजाई : वाक्य असं केलं : ‘झोपडपट्टीतल्या तपासलेल्या रहिवाशांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोनाची लागण होऊन गेली होती, त्यांतल्या अनेकांना ती जाणवलीही नसावी.’

कोपरगावकर : ‘होऊन गेली’ मध्ये झालंही आलं आणि संपलंही. बाबांना वाचून दाखवा.

रानजाई : दाखवलं. म्हणाले, ‘‘म्हणजे मलाही होऊन गेला असेल.’’