मुगाची डबी अंतराळस्थानकावर पाठवायची आहे, कोणतं मालवाहू यान सुचवाल?

कोंब_मुगाचा

वनस्पतिशास्त्राच्या गटासाठी सल्ला हवा आहे. सूक्ष्म गुरुत्वात २० मुगांना मोड आणायचे, पाचव्या दिवशी वाढ थांबवायची, कोंब गोठवून परत आणायचे आणि आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणारा रेणू) काढायचा, असा प्रयोग आहे. डबी १० × १० × १५ सेंमी, वजन दीड किलो. आत एलईडी, कॅमेरा, पाण्याची छोटी टाकी, पंप, लिथियम-आयन बॅटरी आणि वाढ थांबवायला फॉर्मॅलिन.

आमचा कल रशियाच्या प्रोग्रेसकडे आहे, कारण १९७८ पासून चालू आहे म्हणजे अनुभव सर्वांत जास्त. अमेरिकेचं सिग्नस एक्सएल सुमारे ५ टन नेतं, त्यामुळे जागा मिळणं सोपं जाईल असंही वाटतं. प्रश्न दोन: धक्के सर्वांत कमी कोणत्या यानात बसतात, आणि उड्डाणाच्या अगदी तोंडावर सामान कोण घेतं?

परतीचं_तिकीट

कोंब परत हवेत ना? मग यादी इथेच संपली. प्रोग्रेस, सिग्नस, जपानचं एचटीव्ही-एक्स, चीनचं थ्येनचौ ही सगळी काम झालं की कचरा भरून वातावरणात जाळली जातात. परत येणारं मालवाहू यान आज एकच, स्पेसएक्सचं ड्रॅगन. ते साधारण ३ टन खाली आणतं. माणसं नेणाऱ्या रशियन सोयुझमधून थोडंफार येतं, पण तीन माणसांच्या पायाशी उरेल तेवढंच, आणि आल्यावर ते कझाकस्तानच्या माळावर उतरतं.

कोंब_मुगाचा

म्हणजे ड्रॅगन नक्की समजू?

कार्गोकाका

थांबा. मुळात यान तुम्ही निवडत नाही. तुम्ही डबीच्या गरजा लिहून देता, आणि मधली संस्था व स्थानकाचे नियोजक ती डबी ज्या फेरीत बसेल तिच्यात बसवतात. जाणं आणि येणं ही दोन वेगळी तिकिटं आहेत.

उदाहरण मुळ्याचं घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये कल्पना चावला यांचं नाव दिलेलं सिग्नस (एनजी-१४) गेलं, त्यात मुळ्याचं बी होतं. स्थानकावर वाढवून ३० नोव्हेंबरला २० रोपं उपटली, गोठवली, आणि २०२१ मध्ये ती ड्रॅगनमधून खाली आली. बी सिग्नसनं, पीक ड्रॅगननं. तुमचं बी कोरडं असेल तर वर जायला कोणतंही यान चालेल.

आता तोंडावर सामान देण्याबद्दल. त्याला सगळे लेट लोड म्हणतात: उड्डाणाआधी साधारण २४ तास. जिवंत उंदीर, पेशींची कल्चर, गोठवलेले नमुने यांच्यासाठी ती सोय असते आणि तिच्यावर मारामारी असते. सिग्नसला ती हवी म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एनजी-२० हे सिग्नस फाल्कन ९ रॉकेटवरून जाताना रॉकेटच्या नाकावरच्या आवरणाला बाजूनं दार करून घ्यावं लागलं. कोरड्या मुगाला यातलं काहीच लागत नाही. डबी कित्येक आठवडे आधी द्या, साध्या तापमानात जाऊ द्या आणि पाणी स्थानकावर पोचल्यावरच घाला. प्रयोगाचं घड्याळ पाणी पडल्यावर सुरू झालं पाहिजे. उड्डाण दहा दिवस पुढं ढकललं तरी मग तुमचं काही बिघडत नाही. ओलं बी आत ठेवून पाठवलंत तर प्रत्येक रद्द उड्डाणागणिक नवा संच भरून द्यावा लागेल.

धक्क्यांचं: छोटी डबी यानाला बोल्टनं बसवत नाहीत. ती फोममध्ये गुंडाळून कापडी मालपिशवीत जाते, तिला सीटीबी म्हणतात. एक पूर्ण मापाची पिशवी साधारण ५० × ४२ × २५ सेंमी, अर्धी तिच्या निम्मी. थरथर बरीचशी फोम खातो, म्हणून यानायानांत तुमच्या दृष्टीनं फरक नगण्य. चाचणी मात्र तशीच घ्या: डबी फोमसकट कंपन-टेबलावर. फोमबाहेर घेतलीत तर नसलेले दोष दिसतील आणि डबी विनाकारण जाड होईल. फुटतं ते बहुधा बी नव्हे, टाकीचा सांधा आणि कॅमेऱ्याची रिबन केबल.

खर्च बघा. मार्च २०२१ मध्ये नासानं व्यावसायिक कामांसाठी जाहीर केलेले दर: वर नेणं किलोला २०,००० डॉलर, खाली आणणं किलोला ४०,०००, आणि अंतराळवीराचा वेळ तासाला १,३०,०००. नॅशनल लॅबमार्फत (स्थानकाचा अमेरिकी संशोधनासाठी राखलेला भाग) संशोधन म्हणून गेलात तर हिशोब वेगळा. दीड किलो वर न्यायला ३०,००० आणि अंतराळवीरानं अर्धा तास हात लावायचा तर ६५,०००. म्हणून वजनात ग्रॅम वाचवत बसण्यापेक्षा हाताळणीच्या पायऱ्या कमी करा. आणि पूर्ण डबी खाली आणू नका, फक्त नळ्या आणा. डबी कचऱ्याच्या यानातून जाळायला जाऊ दे.

सुरक्षा_पान

वरच्या यादीत दोन गोष्टी सुरक्षा परीक्षणात अडकणार हे दिसतंय.

पहिली बॅटरी. लिथियम-आयन म्हटलं की प्रत्येक सेलची तपासणी, एक सेल पेटला तर शेजारचा पेटतो का याचं उत्तर, शॉर्टसर्किटपासून संरक्षण, आणि त्या सगळ्याचे कागद. पाच दिवसांच्या प्रयोगाला ती लागतेच कशाला? स्थानकावर वीज मिळते, यूएसबीच्या ५ व्होल्टवर डबी चालेल अशी बनवा. जाताना डबी बंदच असते.

दुसरं फॉर्मॅलिन. विषारी द्रव जितका घातक तितकी एकात एक आवरणं वाढतात, आणि याच्यासाठी तिहेरी बंदिस्तपणा मागतील. तिथं सांडलेलं द्रव खाली पडत नाही, डोळ्यापर्यंत तरंगत येतं. शिवाय तुम्हाला आरएनए काढायचा आहे आणि फॉर्मॅलिन त्याचीच वाट लावतं, रेणू एकमेकांना जखडून टाकतं. त्याऐवजी आरएनएलेटर हे आरएनए टिकवणारं द्रव वापरा. तो मुळात अमोनियम सल्फेटचं दाट द्रावण आहे.

आणखी बारीक गोष्टी: काच नको (कॅमेऱ्याची भिंग झाकून घ्या), धारदार कोपरे नकोत, आणि प्रत्येक प्लास्टिक, गोंद, टेप यांची नावानिशी यादी तयार ठेवा. जळण्याची आणि वास-वायू सोडण्याची चौकशी त्यावरूनच होते. परीक्षणाचे टप्पे ० ते ३ असतात. यंत्र बनवून झाल्यावर पहिल्या टप्प्याला गेलात तर पुन्हा बनवावं लागतं. रेखाटन कागदावर असतानाच जा.

ओलावा

पाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

टाकी आणि पंप काढून टाका. टाकीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो वर जात नाही, कारण वर नाहीच. पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि तुम्ही खाली बसून कोरडे मूग बघता. लुअर लॉकची (फिरवून घट्ट बसणाऱ्या तोंडाची) सिरिंज, हवा पूर्ण काढून, मोजून भरलेली, एवढं पुरे. अंतराळवीर एकदा दाबेल.

किती भरायचं? मुगाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅम, २० दाणे म्हणजे ०.८ ग्रॅम. दाणा फुगताना स्वतःच्या वजनाइतकं किंवा थोडं जास्त पाणी पितो, वर कोंब वाढायला हवंच. गाळणकागद किती धरतो ते तोलून बघा आणि तो चिंब होईल पण त्यावर पाण्याचा थर दिसणार नाही इथे थांबा. घरी पाणी निथळून जातं, तिथं ते दाण्याभोवती गोळा होऊन चिकटून राहतं आणि दाणा गुदमरतो. मोड न येण्याचं कारण बहुतेकदा पाण्याची कमतरता नसून हवेची कमतरता असते.

हवेवरून: गरम हवा तिथं वर चढत नाही. एलईडी आणि कॅमेऱ्याची ऊब जागच्या जागी साचते. छोटा पंखा हवाच. अंधारात मोड आणणार असाल तर एलईडी फक्त फोटोपुरता लावा.

बुरशी: बंद डबी, ओल, ऊब, म्हणजे मेजवानी. स्थानकावर व्हेजी या रोपं वाढवायच्या उपकरणातल्या झिनियाच्या फुलझाडांवरसुद्धा बुरशी आली होती. बियांचं पृष्ठभाग-निर्जंतुकीकरण करा आणि त्याच खेपेतले दाणे आगारच्या (बुरशी वाढते का ते बघायच्या जेलीच्या) प्लेटवर दोन आठवडे ठेवून बघा. पेरणीसाठी बुरशीनाशक चोळलेलं बी चुकूनही घेऊ नका, बंद केबिनमध्ये ते चालणार नाही.

आणि आरएनएलेटर वजनाच्या किमान पाचपट लागतो. पाच दिवसांचा मुगाचा कोंब अर्ध्या ग्रॅमच्या घरात धरा. २० कोंब म्हणजे १० ग्रॅम, द्रव ५० मिलिलिटर. तुमच्या डबीत जागा कुठे आहे? एकतर ८ दाणे घ्या किंवा ७२ तासांवर थांबा. शिवाय तो जाड ऊतींत अर्धा सेंटिमीटरपलीकडे नीट मुरत नाही. कोंबाला अडचण नाही, अख्ख्या डाळिंब्यांना येईल. आधी एक रात्र ४ अंशांवर मुरू द्यायचा, मगच उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. पायऱ्या लिहिताना हे दोन वेगळे दिवस धरा.

परतीचं_तिकीट

कार्गोकाकांशी सहमत, पण धागाकर्त्यांचा प्रोग्रेसवरचा विश्वास थोडा तपासूया. २८ ऑक्टोबर २०१४ ला सिग्नस ओर्ब-३ चं रॉकेट उडाल्या-उडाल्या फुटलं. २८ एप्रिल २०१५ ला प्रोग्रेस एम-२७एम कक्षेत गरगर फिरत राहिलं आणि वाया गेलं. २८ जून २०१५ ला ड्रॅगन सीआरएस-७ चं रॉकेट सव्वादोन मिनिटांत फुटलं, टाकीतला एक आधारदांडा तुटून. आठ महिन्यांत तीन वेगवेगळी मालवाहू यानं गेली, तिन्ही २८ तारखेला. (अंकशास्त्रवाल्यांनी कृपया धागा ताब्यात घेऊ नये.) यान कोणतंही असो, सारखा दुसरा संच, त्याच खेपेचं बी आणि त्याच दिवशी भरलेल्या सिरिंजा जमिनीवर ठेवा. दुसऱ्या फेरीची तरतूद करारातच लिहून घ्या.

परतीचं वेळापत्रकही विचारून घ्या. मालवाहू ड्रॅगन जानेवारी २०२१ पासून फ्लोरिडाजवळ उतरायचं, नमुने काही तासांत नासाच्या तिथल्या केनेडी केंद्रात पोचायचे. २०२५ पासून मालवाहू ड्रॅगन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उतरू लागलं. तुमच्या नळ्या कोण घेणार, कोरड्या बर्फात किती दिवस राहणार, भारतात येताना सीमाशुल्काच्या गोदामात बर्फ कोण भरणार, हे आधी ठरवा. कक्षेतून सुखरूप आलेला नमुना विमानतळावर वितळणं हा मूर्खपणा परवडणार नाही.

कोंब_मुगाचा

सगळ्यांचे आभार. बॅटरी, टाकी, पंप, फॉर्मॅलिन बाद. ८ दाणे, ७२ तास, एक सिरिंज पाण्याची, एक आरएनएलेटरची. परत फक्त नळ्या. पण एवढा खर्च झेपेल असं दिसत नाही. भारतातून काही पर्याय?

कार्गोकाका

आरएनएचा हट्ट सोडलात तर आहे. इस्रोचं पोएम, म्हणजे पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेतलं प्रयोगांचं व्यासपीठ म्हणून वापरणं. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत पोएम-४ वर २४ उपकरणं होती. त्यात विक्रम साराभाई केंद्राच्या क्रॉप्स या उपकरणात चवळीच्या ८ दाण्यांना चार दिवसांत मोड आले, पुढे पानंही फुटली. मुंबईच्या अमिटी विद्यापीठाचं पालकाच्या पेशींचं उपकरणही त्याच पोएमवर होतं. अर्ज इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत.

मात्र तिथून काहीही परत येत नाही, फक्त फोटो आणि आकडे येतात. माणूसही नाही, म्हणजे सिरिंज दाबायला मोटर हवी. आणि बाहेर निर्वात आहे, म्हणून डबी हवाबंद, दाब टिकवणारी आणि स्वतःचं तापमान सांभाळणारी लागेल. स्थानकावर फुकट मिळणारी खोलीची हवा इथे तुम्हाला बांधावी लागते. तुमची डबी दीड किलोची राहणार नाही. त्यातही रॉकेटचा धोका आहेच, मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात बिघडलं.

माझं मत: आधी पोएम, फक्त मुळांची दिशा आणि लांबी कॅमेऱ्यानं मोजायची. ते आकडे हातात असले की स्थानकासाठी मागणी करताना वजन पडतं.

ओलावा

एक राहिलंच. स्थानकावर गेलात तर जमिनीवरचा तुलनेचा संच साध्या खोलीत ठेवू नका. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के, स्थानकात ०.३ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यानं जनुकांची चित्रं बदलतात आणि मग गुरुत्वाचा परिणाम कुठला, कोंदट हवेचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. जमिनीवरचा संच कक्षेतल्यापेक्षा एक-दोन दिवस मागे चालवा, स्थानकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइडचे त्या-त्या दिवसाचे आकडे मागवून चेंबरमध्ये तसेच लावत जा. आकडे मागायचा अर्ज वेगळा असतो, तो उड्डाणाआधी भरा.