पूरक प्रश्न बुडतात त्याचं काय?

लेखी उत्तर मिळतंच ना, मग संसदेतला प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला तर काय बिघडलं, असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, लागतात आणि त्यांची खरी ताकद पूरक प्रश्नात असते, म्हणजे मंत्री म्हणाले निधी दिला की लगेच उठून विचारता येतं, अहो दिला किती, त्यातला खर्च किती झाला, दवाखान्यात डॉक्टर आले का? लेखी उत्तरात "माहिती संकलित करण्यात येत आहे" लिहिलं की विषय लांबला. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर हा तासच काढून टाकला होता, ऐन महामारीत! संसदेची लोकलेखा समिती कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल तपासते हे मान्य, पण ते पैसे खर्च होऊन गेल्यावर ना.